बोलून झाल्यानंतरचा चेहरा

माझं व्हिडिओचं शिक्षण लग्नाच्या कॅसेटींवर झालं. सांगलीत मामांचा फोटो स्टुडिओ होता. नव्वदीच्या मध्यावर त्यांनी खांद्यावर घ्यायचा व्हीएचएस कॅमेरा आणि एक मिक्सर घेतला. हळदीला, बांगड्या भरताना, नवरीच्या खोलीत बायकामाणसांत शूटिंगला मुलगी असलेली बरी, म्हणून ते मला बरोबर न्यायला लागले. आधी नुसती सनगन धरायची आणि तिची वायर वऱ्हाडाच्या पायात येऊ द्यायची नाही. मग कॅमेरा हातात आला. मग रात्रीचं मिक्सिंग.

मिक्सिंगच्या खोलीत दोन डेक, दोन मॉनिटर आणि एक टेबलफॅन. नवरा-नवरीचे चेहरे स्वित्झर्लंडच्या डोंगरांवर बसवायचे, बदामाच्या आकारात फ्रेम उघडायची, त्या वर्षी चाललेलं सिनेमाचं गाणं खाली लावायचं. कौलारू घरात राहणाऱ्या जोडप्यामागे ट्युलिपचे ताटवे फुलायचे. पुढे कलाशिक्षण घेताना या सगळ्याला हसणारे पुष्कळ भेटले. त्यांचं हसू मला कधी पटलं नाही. त्या डोंगरांचे पैसे वेगळे पडायचे आणि लोक ते मोजून द्यायचे. आपलं चित्र कसं दिसावं याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. ते ऐकून घेणं हा माझ्या धंद्याचा भाग होता आणि आजही आहे.

कॅसेट पोचवायला गेलं की लगेच निघता येत नसे. चहा व्हायचा, शेजारपाजारचे जमायचे, टीव्ही लागायचा. मी टीव्हीकडे पाठ करून बसायची, कारण टेप मला पाठ असायची. समोरची माणसं मात्र बघण्यासारखी असायची. नवरा-नवरीकडे फारसं कुणी बघत नसे. प्रत्येक जण स्वतःला शोधत असे. एका घरात नवरीच्या काकूंनी कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यांचा आशीर्वाद दिला होता. तो भाग आला तेव्हा त्या पुढे सरकल्या आणि टीव्हीतल्या स्वतःबरोबर तीच वाक्यं पुटपुटायला लागल्या. संपल्यावर म्हणाल्या, "परत लाव गं." परत लावलं. दुसऱ्या वेळी त्यांचे ओठ टीव्हीतल्या ओठांच्या किंचित पुढे होते.

तेव्हा त्याचं काही करता येईल असं डोक्यातही नव्हतं. मुंबईला आल्यावर, कॉर्पोरेट फिल्मचं एडिटिंग करून भाडं भरायचं आणि उरलेल्या वेळात स्वतःचं काम करायचं असं बस्तान बसल्यावर, मी या माध्यमाचा इतिहास धुंडाळायला लागले. तो माझ्या समजापेक्षा बराच जुना आणि बराच जवळचा निघाला. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. त्याच्याही आधी, 1969 मध्ये, अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या पैशातून याच शहरात 'व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप' सुरू केलं होतं. चित्रकारांनी कॅमेरा हाताळावा, सिनेमावाल्यांनी चित्रकारांशी बोलावं, म्हणून. तिथे तरुण नलिनी मालानींनी 'ड्रीम हाउसेस' केलं. घरांच्या एका मॉडेलवर रंगीत प्रकाश टाकून, एकेक फ्रेम टिपत केलेलं ॲनिमेशन. नव्या देशात सगळ्यांना चांगली घरं मिळतील या भरवशाच्या काळातलं. काही वर्षांनी, 1976 मध्ये, त्यांनी काळ्या-पांढऱ्यात दुसरी फिल्म केली. तिच्यात एक तरुण स्त्री उंचावरून खालच्या मुंबईकडे बघते. दोन्ही शेजारी शेजारी दाखवल्या जातात, 'युटोपिया' या नावाने. एका पडद्यावर स्वप्न, दुसऱ्यावर त्याच्याकडे बघणारी व्यक्ती. शेजारी-शेजारी लावलेले दोन पडदे एकमेकांबद्दल किती बोलू शकतात, हे मी त्या कामावरून शिकले. ते पुढे फार उपयोगी पडलं.

परदेशातल्या कामांपैकी दोन मनात राहिली. मार्था रॉसलर यांचं 1975 चं 'सेमिऑटिक्स ऑफ द किचन': एक बाई स्वयंपाकघरात उभी राहून इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने एकेक वस्तू उचलते, तिचं नाव सांगते आणि ती इतक्या जोरात वापरून दाखवते की बघणाराच सावध होतो. आणि रिचर्ड सेरा यांचं 1974 चं 'बूमरँग'. त्यात नॅन्सी होल्ट हेडफोन लावून बसल्या आहेत. त्या जे बोलतात तेच त्यांना क्षणभर उशिरा कानात ऐकू येतं. आपलाच आवाज मागून येऊन आपल्या विचारांच्या वाटेत उभा राहतो, आणि त्या हे होत असतानाच त्याचं वर्णन करत राहतात. दहा मिनिटांचं काम, पण त्याचं ऋण मी अजून फेडते आहे.

कल्याणच्या स्पोकन इंग्लिश क्लासमध्ये मी गेले ती जाहिरातीच्या निमित्ताने. क्लासच्या सरांना लोकल केबलवर चालवायला अर्ध्या मिनिटाची जाहिरात हवी होती. दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक लांब खोली, पांढरा फळा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, खाली वडापावची गाडी. संध्याकाळी सात ते साडेआठची बॅच. आपलं वय विसरून सगळे एका रांगेत: हॉटेलात लागायचंय असा सिक्युरिटीतला मुलगा, बढती अडलेला क्लार्क, डिलिव्हरीची बाइक चालवणारा एक विशीतला, आणि मुलं इंग्रजी शाळेत घातलेल्या चार-पाच बायका. राज्यातल्या मराठी शाळांमध्येही 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. या बायकांच्या वेळी ते पाचवीला सुरू व्हायचं. मुलांच्या वह्या तपासताना आपण मागे राहतो, हे त्या उघड सांगायच्या.

क्लासमध्ये रोज एक गोष्ट व्हायचीच. प्रत्येकाने उठून पुढे यायचं आणि स्वतःची ओळख करून द्यायची. नाव, गाव, घरी कोण कोण, आवड काय, पुढे काय व्हायचंय. तीच सात-आठ वाक्यं, वेगवेगळ्या तोंडून. ऐकत राहिलं की वाक्यं नाहीशी होतात आणि माणसं दिसायला लागतात. ब्रूस नॉमन यांनी 'गुड बॉय बॅड बॉय' या 1985 च्या कामात दोन टीव्हींवर दोन नटांकडून एकच शंभर वाक्यांची यादी पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली, ती मला या खोलीत खरी समजली. जाहिरात होऊन गेली, मी जात राहिले. सरांनी मागची भिंत माझ्यासाठी मोकळी करून दिली. दर बॅचनंतर ज्याची इच्छा असेल तो कॅमेऱ्यासमोर ओळख करून द्यायचा.

मला त्यात काय हवं होतं ते मला स्पष्ट होतं: वाक्याच्या आधीची थांबण्याची जागा. ओठ उघडतात, श्वास आत जातो, डोळे वर छताकडे जातात आणि अजून शब्द आलेला नसतो. जाहिरात किंवा मुलाखत कापताना एडिटर सगळ्यात आधी हाच भाग काढून टाकतो; मीही पोटासाठी रोज काढत होते. इथे मला तो ठेवायचा होता. पण माझा लग्नांच्या दिवसांतला नियमही होता: ज्याचं चित्र, त्याने बघून होकार द्यायचा. म्हणून शेजारी एक छोटा मॉनिटर ठेवला. प्रत्येकाने आपले दोन-तीन टेक बघायचे आणि एक निवडायचा. झालं असं की एकानेही थांबण्याचा, अडखळण्याचा टेक निवडला नाही. सगळ्यांना सलग, न अडता बोललेला टेक हवा होता. अर्थात! त्यासाठी ते फी भरत होते.

यावर तोडगा कसा निघाला ते सांगते. त्या बायकांमध्ये शिलाईकाम करणाऱ्या एक वहिनी होत्या. मुलाच्या शाळाप्रवेशासाठी आईवडिलांची मुलाखत होणार होती आणि त्यांनी चार वाक्यं घोटून घोटून बसवली होती. त्यांचा शेवटचा टेक सुरेख झाला. मी मॉनिटरवर लावला. दुसरा कॅमेरा, प्रकाश मोजायला स्टँडवर ठेवलेला, चालूच होता आणि त्याचं तोंड वहिनींकडे होतं. आधी त्या स्वतःचा पदर बघत होत्या. मग केस. दुसऱ्या वाक्यापासून त्यांची नजर ओठांवर आली. चौथ्या वाक्याला त्यांनी मान मागे घेतली, शिवून झालेला ब्लाउज हात लांब करून बघतात तशी, आणि म्हणाल्या, "ही बाई बरी बोलते. परत लावा, ताई."

मी ते फुटेज रात्री पाहिलं आणि मला काकूंची आठवण झाली. मी ज्याच्या मागे लागले होते ते बोलण्याच्या आधी नव्हतंच. ते बोलून झाल्यानंतर, स्वतःला बोलताना बघण्यात होतं. त्या पडद्यावरच्या बाई वहिनींना अजून पूर्ण ओळखीच्या नव्हत्या, पण आपल्या घरच्या होत्या. माणसाला काय व्हायचंय हे त्याच्या तोंडून ऐकलं तर ठरीव उत्तर मिळतं. तो ते झालेला स्वतःला दाखवा आणि त्याचा चेहरा बघा. मी परवानगी विचारली. वहिनी म्हणाल्या, "बोलताना चांगली दिसते ना? मग बघतानाची पण घ्या." तिथून काम दोन पडद्यांचं झालं. डावीकडे त्यांनी निवडलेला टेक, उजवीकडे तोच टेक बघणारी तीच व्यक्ती. अडखळणं कुठेही नाही. आणि तरी सगळं दिसतं.

डिलिव्हरीवाल्या मुलाने मला दुसरी गोष्ट शिकवली. त्याने टेक बघताना आवाज बंद करायला लावला. "मॅडम, मला तोंड बघायचंय." त्याचं म्हणणं, चांगलं बोलणाऱ्यांची तोंडं कमी हलतात. तो मॉलमध्ये पार्सल द्यायला जायचा तेव्हा लिफ्टमध्ये लोकांच्या जबड्यांकडे बघायचा. त्याचं निरीक्षण बरोबर की चूक यापेक्षा, तो भाषा डोळ्यांनी शिकत होता याने मला धरून ठेवलं. आपण सगळेच थोडीफार तशी ऐकतो. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी 1976 मध्ये दाखवून दिलं होतं की 'बा' हा आवाज 'गा' म्हणणाऱ्या ओठांवर चिकटवला तर बहुतेक मोठी माणसं तिसरंच काही ऐकतात, 'दा'च्या जवळचं. डोळे मिटले की पुन्हा 'बा'. युक्ती माहीत असूनही कान फसतो. मी क्लासमध्ये हा प्रयोग लावला तेव्हा सगळ्या खोलीने एकदम डोळे मिटले, उघडले, परत मिटले. सर म्हणाले, आता उच्चार शिकवताना मी फळ्याकडे तोंड करणार नाही.

एडिटिंगच्या टेबलावर हेच वेगळ्या रूपात रोज भेटतं. आपल्याकडची व्हिडिओची जुनी पद्धत सेकंदाला 25 फ्रेमची, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. आवाज चित्राच्या एक-सव्वा फ्रेम पुढे गेला की बघणाऱ्याला खटकतं. मागे राहिला तर मात्र तीन फ्रेमपर्यंत सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कारण जगात आवाज प्रकाशाच्या मागूनच येतो. लांबची कुऱ्हाड आधी पडताना दिसते, मग ऐकू येते. उशिराची आपल्याला सवय आहे, घाईची नाही. इतक्या बारीक अंतरावर माणूस खरा वाटतो किंवा डब केलेला वाटतो. सबटायटलचंही तसंच. खाली अक्षरं आली की भाषा येत असलेल्याचाही डोळा तिकडे जातो आणि चेहरा हातचा निसटतो. ज्या कामात चेहराच सर्व काही आहे त्यात मी अक्षरं पडद्यावर ठेवत नाही. समोरच्या भिंतीवर, बघणाऱ्याच्या पाठीमागे लावते. ज्याला वाचायचंय त्याने वळावं. वळताना काहीतरी सुटणार हे त्याला कळावं. यावरून गॅलरीवाल्यांशी माझे वाद झाले आहेत. पुढेही होतील.

काम मुंबईत एका गॅलरीत लागलं. उद्घाटनाच्या संध्याकाळी मी दाराजवळ उभी होते. काळ्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. मोठ्याने नाही, बरोबर आलेल्याला ऐकू जाईल इतपत. मग कुणीतरी एका वाक्याची नक्कल केली. वहिनींचं वाक्य होतं ते, आणि वाक्यात चूक नव्हती. हसू उच्चाराला होतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. हसणारी माणसं दुष्ट नव्हती. त्यांच्यातल्या एक-दोघांनी नंतर येऊन कामाची मनापासून तारीफ केली. म्हणून तर जास्त लागलं. न अडखळता बोलणं हा त्यांना आपला स्वभाव वाटत होता. तो त्यांना लहानपणी आयता मिळाला आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि माझ्या दोन पडद्यांमध्ये ते त्यांना जाणवावं अशी जागा नव्हती.

'बूमरँग' तेव्हा पुन्हा आठवलं. स्वतःचा आवाज साधारण 200 मिलिसेकंद उशिरा कानात सोडला तर माणसाचं बोलणं सगळ्यात जास्त विस्कळीत होतं, हे वाणीवर काम करणाऱ्यांना कित्येक दशकांपासून माहीत आहे. माझ्या मोजणीत पाच फ्रेम. पुढच्या प्रदर्शनात मी दोन पडद्यांच्या खोलीत जाण्याआधी एक छोटं केबिन ठेवलं. आत माइक, हेडफोन आणि एक पाटी: आपली ओळख कोणत्याही भाषेत करून द्या. आत आरसा नाही, कॅमेरा नाही, कुणाचं रेकॉर्डिंग नाही. तेवढं मी कटाक्षाने पाळलं, कारण कुणाची फजिती जमवायला मी बसले नव्हते. बाहेर आलं की थेट काळ्या खोलीत.

फरक पहिल्याच दिवशी दिसला. केबिनमध्ये गेलेली माणसं आपलं स्वतःचं नाव म्हणताना घसरत होती. स्वर लांबत होते, शब्द दोनदा येत होते, आवाज चढत होता. इंग्रजीत सुरुवात करणारे मध्येच मराठीत, गुजरातीत, मल्याळममध्ये जात होते, तिथे तरी जमेल म्हणून. जमत नव्हतं, उशीर भाषा बघत नाही. तिथून काळ्या खोलीत आल्यावर कुणी हसलं नाही. लोक जास्त वेळ उभे राहिले. लूपवर चालणाऱ्या कामासमोर माणूस मध्येच येतो आणि अर्ध्या मिनिटात जातो, हे गृहीत धरून आम्ही काम बांधतो. इथे लोक पूर्ण फेरा बघून, मग स्वतः पाहिलेल्या पहिल्या चेहऱ्यापर्यंत थांबत होते.

एक गोष्ट मी ठरवून घडवलेली नव्हती. उशिराच्या याच आवाजाने, अडखळत बोलणाऱ्या काहींचं बोलणं उलट सुरळीत होतं. वाणीच्या उपचारांत त्याचा उपयोगही करतात. प्रदर्शनाच्या देखरेखीला असलेला एक मुलगा लहानपणापासून अडखळायचा. गर्दी नसताना तो केबिनमध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. नंतर त्याने मला हिशेबीपणे विचारलं, हे हेडफोन आणि यंत्र मिळून कितीला पडतं. मी त्याला वाणी-उपचारतज्ज्ञाचा पत्ता दिला. आणि जोडणी कागदावर काढूनही दिली.

या सगळ्यातून मला कामापुरतं जे उमगलं ते एवढंच की कुणाच्या आकांक्षेचं चित्र काढताना आधी त्याची पसंती घ्यावी आणि मग बघणाऱ्याची बैठक हलवावी. दोन्हींचा क्रम बदलला तर काम दिखाऊ होतं. पैशाबद्दल लोक विचारतात, म्हणून सांगून टाकते. व्हिडिओचं काम तीन किंवा पाच प्रतींच्या आवृत्तीत, सही केलेल्या प्रमाणपत्रासह विकलं जातं; माझं थोडं विकलं जातं. घर अजून एडिटिंगवरच चालतं. लग्नं आता घेत नाही, पण कुणी जवळच्यांनी बोलावलं तर जाते आणि डोंगर मागितले तर डोंगर लावते.

आता नवी साधनं आली आहेत. माणूस मराठीत बोलला की त्याच्याच आवाजात इंग्रजी निघतं आणि त्याचेच ओठ त्या इंग्रजीप्रमाणे हलतात. फ्रेमचाही फरक राहत नाही. कल्याणला अजून जाते. बॅच नवी आहे. त्यातल्या एकाने, मेडिकलच्या दुकानात काम करणाऱ्याने, स्वतःहून विचारलं, "माझं तसं करून द्याल का?" मला धाकधूक होती. यंत्राने दिलेलं अस्खलित बोलणं बघून तो क्लास सोडेल की काय, असं वाटलं. पण ते त्याचं होतं, आणि मागणीही त्याची. त्याने मराठीत ओळख सांगितली, मी करून दिलं. तो पाहत होता तेव्हा दुसरा कॅमेरा नेहमीप्रमाणे चालू होता, त्याच्या परवानगीने. पूर्ण पाहून झाल्यावर तो म्हणाला, "ही वाक्यं मला कागदावर लिहून द्या. मी पाठ करतो. मग माझं माझं घ्या."

तेव्हापासून काम तीन पडद्यांचं झालं आहे. एकावर यंत्राने बोलवलेला तो, दुसऱ्यावर ते बघणारा तो, तिसऱ्यावर पाठ करून स्वतः बोलणारा. आणखी काही जण त्यात आले आहेत. या वेळी प्रदर्शन आधी क्लासच्या खोलीतच लागेल. खिडक्यांना काळा कागद, प्रोजेक्टर भाड्याने, सात ते साडेआठची बॅच त्या दिवशी सुट्टीवर. ज्याला आपला भाग नको असेल त्याचा तिथेच निघेल. मुंबईचं त्यानंतर. मेडिकलवाल्याची शेवटची दोन वाक्यं अजून पाठ व्हायची आहेत आणि त्याची घाई करायची नाही, असं आमचं ठरलं आहे. तारीख त्याच्या तयारीवर ठरेल, हे मी गॅलरीला कळवलं आहे.